वर्षावासातले शेजारी : साप, कुत्री आणि आपल्या घराचे आरोग्य

आषाढ पौर्णिमा झाली की आपल्या विहारांत वर्षावासाचे वाचन सुरू होते. संध्याकाळी वंदना होते, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडला जातो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हेच तीन महिने मुसळधार पावसाचे. उल्हास आणि पाताळगंगा दोन्ही तीर भरून वाहतात, भाताची लावणी होते, बांधावर गवत कमरेएवढे वाढते. साप, विंचू, बेडूक आणि उंदीरही याच महिन्यांत घराच्या आसऱ्याला येतात.

वर्षावास का सुरू झाला, हे विनयपिटकात सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरत. त्यांच्या पायाखाली कोवळे गवत आणि लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार आली. तेव्हा भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम केला. म्हणजे ज्या निमित्ताने आपण विहारात जमतो त्याच्या मुळाशी पावसात बाहेर पडलेल्या लहान जिवांची काळजी आहे.

अशाच एका वाचनानंतर एका ताईंनी आम्हाला विचारले, “आपण पहिले शील घेतो, प्राणिहत्या करणार नाही म्हणतो. मग रात्री घरात साप निघाला, पोरे खाली झोपलेली आहेत, तर काठी उचलायची की हात जोडायचे?” प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. या महिन्याचे आरोग्यपान त्याच प्रश्नाला दिले आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे : काठीही नको आणि हात जोडणेही नको. ज्या कामांनी आपली मुले दंशापासून वाचतात, बहुतेक त्याच कामांनी प्राणीही वाचतात.

शील म्हणजे हतबलता नव्हे

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक स्पष्ट केला आहे. बुद्धांची अहिंसा विवेकाने वापरायची आहे. घरात निघालेल्या प्रत्येक सापाला मारण्याची खरोखर गरज असते का, हे आधी तपासले पाहिजे. दहापैकी नऊ वेळा आपण गरजेपोटी नाही, भीतीपोटी मारतो. आणि मारायला जाण्यातच धोका असतो. साप आपल्या वाटेने जात असतो, आपण काठी घेऊन जवळ जातो, तो अडचणीत सापडतो आणि चावतो.

नागपूरला १९५६ साली घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेची आणि त्यांच्या पालनाची आहे. ती आपण दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला म्हणतो. ती घरात, मोरीत, लाकूडफाट्यात आणि उकिरड्यावर पाळायची कशी, हा आपला विषय.

आणखी एक गोष्ट. पाली साहित्यात ‘खंधपरित्त’ नावाचा पाठ आहे. श्रावस्तीत एक भिक्खू साप चावून मरण पावला, तेव्हा बुद्धांनी सापांच्या चार कुळांविषयी मैत्रीभाव ठेवायला सांगितले, अशी त्याची कथा आहे. काही घरांत हा पाठ साप उतरवण्याचा मंत्र असल्यासारखा वापरला जातो. तसे करू नका. मैत्री दंशाच्या आधी करायची असते. दंश झाल्यावर फक्त दवाखाना. भगताकडे घालवलेला अर्धा तास पुढे कोणत्याही पाठाने भरून निघत नाही.

साप आपल्याच वस्तीत जास्त का?

भारतात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे साप चावून मेली. त्यांतले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. ‘दुर्लक्षित’ हा शब्द नीट ऐका. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते त्यांनाच हा आजार होतो. जमिनीवर झोपणारा, अनवाणी शेतात जाणारा, अंधारात बाहेर शौचाला जाणारा, पत्र्याच्या आणि कुडाच्या घरात राहणारा माणूस सापाच्या वाटेत येतो.

आपल्या वस्त्या कुठे आहेत ते पाहा. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठाला, सखल जागेत, कित्येकदा गावाचा कचरा पडतो त्या बाजूला. ही जागा आपल्या पूर्वजांनी निवडली नव्हती, ती त्यांच्यावर लादली होती. साप जात पाहून येत नाही. पण ज्यांना काठावर ढकलले त्यांच्या घराजवळ तो आधी पोहोचतो. त्यात आता शेतघरांसाठी, रस्त्यांसाठी टेकड्या खोदल्या जातात, जुनी बिळे बुजतात आणि तिथला प्राणी मिळेल त्या बाजूला सरकतो.

साप माणसाचा वास काढत येत नाही. तो उंदराच्या मागे येतो, बेडकाच्या मागे येतो, खुराड्यातल्या अंड्यासाठी येतो, किंवा बिळात पाणी शिरले म्हणून कोरडी जागा शोधत येतो. साप डूख धरतो, बदला घ्यायला येतो, दूध पितो, पुंगीवर डोलतो या सगळ्या खोट्या गोष्टी आहेत. दूध हे त्याचे अन्नच नाही. पुंगीचा सूर त्याला आपल्यासारखा ऐकू येत नाही, तो हलणाऱ्या हातावर लक्ष ठेवतो. म्हणून साप नको असेल तर उंदराचे अन्न आणि सापाचा आडोसा, या दोन गोष्टी घरापासून दूर करायच्या.

सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला लागून रचू नका, चार हात लांब आणि जमिनीपासून वर, फळीवर किंवा दगडांवर रचा. सरपण काढताना आधी काठीने आपटा, मग हात घाला. तांदूळ-भात झाकणाच्या डब्यात किंवा कणगीत ठेवा. उष्टे-खरकटे रात्री मोरीत राहू देऊ नका. मोरीच्या भोकाला जाळी बसवा, दाराखालच्या फटीला गोणपाटाची घट्ट वळकटी किंवा रबराची पट्टी लावा. भिंतीतली भोके सिमेंटने किंवा निदान खडी-मातीने बुजवा. घराभोवतीचे गवत काढा, खिडकीवर आलेल्या फांद्या छाटा. कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीत किंवा खाटेखाली नको. ते बाहेर, उंचावर, बारीक जाळीचे करा आणि संध्याकाळी बंद करा. त्यात कोंबडीही सुरक्षित राहते.

चार साप ओळखा, बाकीच्यांना जगू द्या

आपल्याकडे दिसणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण लांबलचक आणि चपळ असते, ती उंदीर खाते. शेतकऱ्याचा तो फुकटचा राखणदार आहे. पाण्याकाठी दिसणारा दिवड चिडका आहे, चावतोही, पण त्याला विष नाही. हिरवा हरणटोळ झाडावर असतो. तो डोळे फोडत नाही. आपल्या डोंगरांत हिरवा चापडाही आहे, तो मात्र विषारी. त्याचे डोके तिकोनी असते आणि तो झुडपांत, बांबूत निश्चल बसतो. म्हणून हिरव्या सापाला हात लावायचाच नाही.

माणसांचे मृत्यू मुख्यतः चार सापांमुळे होतात. नाग फणा काढतो, म्हणून लगेच ओळखू येतो. घोणस जाड असते, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी मोठ्याने फुसफुसते. फुरसे लहान, दगडाच्या सपाटीत बसणारे असते. ते अंगाला अंग घासून करकर असा आवाज करते. चौथा मण्यार. तो काळा, चकचकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे, आणि रात्री फिरणारा. त्याच्यासारखाच दिसणारा कवड्या साप बिनविषारी आहे, पण घाईत आणि अंधारात हा फरक कळत नाही. म्हणून ओळख पटवण्याच्या नादात जवळ जाऊ नका.

मण्यारीबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण तिच्यामुळे झोपेत माणूस जातो. ती उबेसाठी किंवा उंदराच्या मागे अंथरुणात शिरते. चावले तरी फारसे दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतेय, मळमळतेय, घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणून उठतो. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास थांबू लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कुणालाही पहाटे अशी लक्षणे दिसली, विशेषतः पापण्या मिटू लागल्या, तर खूण दिसो न दिसो, सर्पदंश समजून दवाखान्यात न्या.

यावर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मच्छरदाणी. खाट असेल तर खाटेवर झोपा. नसेल तर खालीच अंथरूण घालून मच्छरदाणीच्या कडा सगळ्या बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा. एकाच मच्छरदाणीने साप, विंचू आणि हिवताप-डेंग्यूचे डास असे सगळेच अडतात. घरात एकच असेल तर आधी खाली झोपणाऱ्या मुलांना द्या.

रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या, मोबाइलची चालेल. पायात बंद चप्पल किंवा गमबूट, आणि हातात काठी. ही काठी मारायची नाही, चालताना जमिनीवर आपटायची. सापाला जमिनीतली धडधड कळते आणि तो बाजूला होतो.

घरात साप निघाला तर

आधी मुले आणि म्हातारी माणसे बाहेर काढा. कुत्र्या-मांजराला बांधा. एका माणसाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवावी, म्हणजे तो कुठल्या भांड्यामागे गेला हे कळते. बाहेरचे दार उघडे ठेवा. पुष्कळदा तो स्वतःच निघून जातो. रॉकेल, फिनेल, गरम पाणी टाकू नका. त्याने साप बिथरतो आणि घरभर धावतो. नाही गेला तर वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर फोन करा किंवा वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. जवळच्या सर्पमित्राचा क्रमांक विहाराच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा. वस्तीतल्या तरुणांना एक विनंती : साप हातात धरून फोटो काढण्याची हौस नको. या हौसेने अनुभवी माणसेही गेली आहेत.

नाग, घोणस, धामण, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणून गुप्तधनासाठी किंवा औषधासाठी लाखो रुपये मिळतात अशी थाप मारून आपल्या गरीब पोरांना पकडायला लावणारे लोक फिरतात. पैसे कुणाला मिळत नाहीत, तुरुंगात मात्र पोर जाते.

दंश झाला तर

चावलेल्या माणसाला धीर द्या आणि आडवे झोपवा. ज्या हातापायाला चावले तो हलू देऊ नका. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी किंवा काठी ठेवून सैल कापडाने बांधा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ती मांसात रुततात. दंशाची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकलवर न्यायचे झाले तर रुग्णाला मध्ये बसवा आणि मागे एकाने धरावे.

आवळपट्टी बांधू नका, रक्त अडून हातपाय गमवावा लागतो. आधीच कुणी बांधली असेल तर घाईने सोडू नका, दवाखान्यात डॉक्टर सोडतील. ब्लेडने कापणे, तोंडाने विष चोखणे, बर्फ लावणे, मिरची किंवा कडुनिंब चावायला देऊन विष चढले का पाहणे, दारू पाजणे, यांतले काहीही नको. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू द्या.

विषावर एकच औषध आहे, प्रतिविष म्हणजे सर्पविषाची लस. ती घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि शिरेतून दवाखान्यातच दिली जाते. आपल्या देशातली ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते, म्हणून साप कोणता हे नाही सांगता आले तरी उपचार थांबत नाही. मुलांना मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष तेवढेच सोडलेले असते. लहान आहे म्हणून थोडीच पुरेल, असे घरच्या कुणी म्हणू नये. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, चौकचे ग्रामीण रुग्णालय आणि आपले प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी आपल्या वस्तीला रात्रीच्या वेळी, ओढ्याला पूर असताना कोणते गाठता येईल, हे आधी ठरवून ठेवा.

विंचवाबद्दल दोन शब्द. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केले. विंचू चावून मुले दगावत होती तेव्हा प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून मृत्यू टाळता येतात, हे त्यांनी खेड्यातल्या साध्या दवाखान्यात दाखवले. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून आपण घ्यायचे ते एवढेच : विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम येतोय, उलट्या होताहेत, हातपाय गार पडलेत, तर उतारा शोधू नका, दवाखाना गाठा. आणि रोज चप्पल-बूट व वाळलेले कपडे झटकूनच अंगात-पायात घाला.

कुत्रे आणि मांजर : प्रेम आणि लस

१९३४ साली राजगृहात काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत आणि टॉबी नावाचा त्यांचा लाडका कुत्राही आहे. आपल्या वस्त्यांतही कुत्री कुणा एका घराची नसतात, सगळ्या आळीची असतात. रात्री अनोळखी माणसावर तीच भुंकतात, साप दिसला तर आधी तीच सांगतात. पण प्रेमासोबत जबाबदारी येते आणि तिचे नाव लस.

रेबीज एकदा अंगात उठला की जवळजवळ कुणी वाचत नाही. आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ कुणी मरत नाही. असा दुसरा आजार क्वचितच असेल. तो लाळेतून येतो. चावल्याने येतो, ओरखड्याने येतो, जखमेवर चाटल्यानेही येतो. कुत्र्याप्रमाणे मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस यांच्यापासूनही होऊ शकतो.

चावल्यावर पहिली पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुवा. मिरची, चुना, तेल, हळद, तंबाखू काही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस कधीच गेले. आता चार-पाच इंजेक्शने दंडावर घेतात, ठरलेल्या दिवशी. खोल जखम असेल, तोंडावर किंवा हातावर चावले असेल, तर जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन लागते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदर बाई, अंगावर पिणारे मूल असलेली आई, लहान बाळ, सगळ्यांना ही लस चालते. कुत्रा जिवंत आहे म्हणून एक-दोन सुया घेऊन मधेच थांबू नका. थांबायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

पालकांना एक कळकळीचे सांगणे. मार बसेल या भीतीने मुले कुत्रा चावल्याचे लपवतात. मुलांना आजच सांगून ठेवा, की कुत्रा चावला, ओरखडले, तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही. हे एक वाक्य एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकते.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या आणि पुढे दरवर्षी द्या. मांजरालाही द्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जनावर आजारी असेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक आहे. आळीतल्या कुत्र्यांपैकी दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात हे करून दाखवले आहे. तिथे गावोगाव कुत्र्यांना लस टोचली गेली आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू काही वर्षे शून्यावर आले. कुत्र्यांना विष घालून किंवा पोत्यात भरून दुसऱ्या गावाला सोडून हे होत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत बिनलसीची नवी कुत्री येतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच जागी सोडायचे असते आणि हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे. म्हणून अर्ज ग्रामपंचायतीला आणि नगरपरिषदेला करा.

घरात होणाऱ्या काही चुका सांगतो. पिल्लाच्या गळ्यात बांधलेली दोरी पिल्लू वाढते तशी रुतत जाते, दर आठवड्याला दोन बोटे आत जातात का पाहा. कुत्र्या-मांजराला ताप आला म्हणून आपली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकते. शिजलेल्या कोंबडीची हाडे फुटून घशात, आतड्यात टोचतात. उन्हात, पावसात जनावर बांधून ठेवू नका. जंताचे औषध वेळेवर द्या आणि जनावराला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

उंदीर, घुबड, पाल आणि पाण्याचे परळ

पावसाळ्यात उंदराचे मूत साचलेल्या पाण्यात मिसळते आणि पायाच्या भेगांतून लेप्टोचे जंतू शरीरात जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराने किती माणसे आजारी पडली, ते अनेकांना आठवत असेल. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे असे दिसले तर अंगावर काढू नका. आपण चिखलात काम करतो, हे डॉक्टरांना सांगा.

उंदीर मारायला विष ठेवले की मेलेला उंदीर घुबड खाते, मांजर खाते आणि तेही मरते. मग पुढच्या महिन्यात उंदीर दुप्पट होतात, कारण त्यांना खाणारेच उरलेले नसतात. त्यापेक्षा पिंजरा लावा आणि धान्य झाकून ठेवा. थिमेटसारखी जहाल विषे बांधावर, ओढ्यात, खेकड्यांच्या बिळात टाकू नका. तेच पाणी पुढे आपल्या विहिरीत येते.

गव्हाणी घुबड रात्रीत दोन-चार उंदीर सहज उचलते. त्याला अशुभ म्हणणे ही अंधश्रद्धा आहे आणि ती आपण मागे सोडून आलो आहोत. पाल अंगावर पडली म्हणून काही होत नाही. ती डास आणि किडे खाते. फक्त अन्न झाकून ठेवा. बेडूक अंगणात राहू द्या. पिंजऱ्यातला पोपट पाळणे कायद्याने गुन्हा आहे, आणि मोकळा राव्याचा थवा आंब्यावर उतरलेला पाहण्यात जी मजा आहे ती पिंजऱ्यात नाही.

पावसाळा संपला की उन्हाळा येतो आणि आपल्या डोंगरकुशीत पाण्याचे हाल सुरू होतात. तेव्हा पाखरांसाठी मातीचे परळ भरून सावलीत ठेवा. पण पाणी रोज ओतून द्या आणि परळ घासा. नुसते भरत राहिलात तर त्यात डेंग्यूचे डास होतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात. उघड्या विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी फांद्यांचे कुंपण करा, त्यात माणसांची पोरेही पडतात आणि जनावरांचीही.

पाण्याची गोष्ट निघाली की महाड आठवते. चवदार तळ्यावर गुराढोरांना आडकाठी नव्हती, आपल्या माणसांना होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या अपमानात दोष पाणी पिणाऱ्या जनावरांचा नव्हता, माणसाला माणूस न मानणाऱ्यांचा होता. पाण्यासाठी लढलेल्या समाजाने परळात पाणी ठेवले तर ते कुणाच्या पुण्यासाठी नाही. तहान सगळ्यांना सारखी लागते, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

एकट्या घराने होणार नाही

दाराची फट आपण बुजवू, पण वस्तीतला दिवा आपल्या हातात नाही. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो आपल्या वस्तीपर्यंत पोहोचवायचा तर मागणी आपणच केली पाहिजे. ग्रामसभेत लेखी मागणी करा : वस्तीच्या रस्त्याला दिवे, प्रत्येक घराला चालू शौचालय, वस्तीकडेला पडणारा गावाचा कचरा उचलणे, आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि रेबीजच्या लशीचा साठा, वर्षातून एकदा वस्तीत कुत्र्यांच्या लसीकरणाचे शिबिर. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन वर्षावासातच येतो, त्या दिवशी विहाराच्या आवारात शिबिर मागता येईल. महिला मंडळाने आशाताईंना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे आणि लस आहे का, किती आहे, रात्री कोण असते, हे विचारून यावे. विचारणे हा आपला हक्क आहे.

या आठवड्यात करायच्या सात गोष्टी

१. सरपण भिंतीपासून हलवा, मोरीला जाळी लावा, दाराखालची फट बुजवा.
२. मच्छरदाणीच्या कडा खोचून झोपा, बॅटरी उशाशी ठेवा.
३. १०८, १९२६ आणि १९६२ हे तीन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहा.
४. रात्री कोणत्या दवाखान्यात जायचे आणि कुणाची गाडी मिळेल, हे घरात बोलून ठेवा.
५. घरच्या आणि आळीतल्या कुत्र्या-मांजरांना लस झाली आहे का पाहा.
६. चावले, ओरखडले तर लगेच सांगायचे, हे मुलांना समजावा.
७. पुढच्या ग्रामसभेसाठी मागणीचा कागद तयार करा.

वाचनानंतर प्रश्न विचारणाऱ्या त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी खाटेखालचे खुराडे बाहेर काढले आणि मोरीला जाळी बसवली. पहिले शील पाळायची ती सुरुवात आहे, असे आम्हाला वाटते.

नमो बुद्धाय. जय भीम.